घडीच्या खुर्च्या

“इंदू, ही बघ, आमची मॉरीन. ओळखलीस का?”

वॉल्टर किन्सेला मुलीच्या खांद्यावर हात ठेवून माझ्यासमोर उभे होते आणि माझ्या दोन्ही हातांत घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. पक्षाच्या कमिटीची बैठक नुकतीच संपली होती. लोक कॉफीच्या पिंपाभोवती जमले होते आणि मी नेहमीप्रमाणे हॉल आवरायला लागले होते.

“ओळखली तर,” मी म्हटलं. न ओळखायला काय झालं? पुढचे दात पडले होते तेव्हा ही पोर याच हॉलमध्ये माझ्या पर्समधली बडीशेप मागून खायची. आता तिशीला टेकली होती. उंच, केस कसेतरी बांधलेले, पायांत मळके बूट. बोलणं संपेपर्यंत बापानं तिच्या खांद्यावरचा हात काही काढला नाही. तो हात माझ्या डोळ्यांत एवढा का खुपला, ते तेव्हा मला कळलं नाही.

खुपायला दुसरी कारणं भरपूर होती म्हणा. दहा मिनिटांपूर्वीच वॉल्टरनी जाहीर केलं होतं, की बायपासनंतर डॉक्टरांनी पुरे म्हटलंय, म्हणून ते विधानसभेचा राजीनामा देतायत. न्यू जर्सी राज्याची विधानसभा; वॉल्टर म्हणजे आमचे आमदारच म्हणा ना. मुदत संपायला वर्षाच्या वर अवकाश होता. “पुढच्या शनिवारी कमिटीनं माझ्या जागी कुणाला तरी निवडावं,” ते म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात, “आमची मॉरीन परत आलीय हे तुम्हाला माहीतच आहे.” टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या. 

त्यातली मेख सांगते. तिथं आमदारानं मधेच राजीनामा दिला की लगेच निवडणूक होत नाही. त्याच्याच पक्षाची कमिटी बसते आणि माणूस नेमते. कमिटीत मतदानाच्या प्रत्येक विभागातून एक बाई आणि एक पुरुष. आमच्या विभागातून मी आणि आमचे हे. आणि ही कमिटी जूनमध्ये पक्षातल्या पक्षात निवडतात; त्या मतपत्रिकेवर कुणाची नावं ठळक रांगेत लागायची, हे ठरवायचं वॉल्टरनी. म्हणजे ज्यांना त्यांनी बसवलं, तेच त्यांच्या लेकीला बसवणार. पुढं लोकांची पाळी येईल तेव्हा ती आधीच आमदार झालेली! राजाला हाकललं म्हणून दर जुलैत फटाके वाजवणारा हा देश. लार्कफील्डमध्ये मात्र वॉल्टरच्या आधी त्यांचे वडील आमदार होते, भाऊ शेरीफ होता आणि ओढ्यावरच्या पुलालाही किन्सेलाच नाव होतं. त्या आडनावाला अर्धी मतं पाळण्यातच पडायची.

आणि मी? तेवीस-चोवीस वर्षं मी त्या पक्षासाठी दारं ठोठावली. बर्फात पाट्या घेऊन उभी राहिले. जिथं कुणी फिरकत नव्हतं त्या अपार्टमेंटांतून आपली माणसं बाहेर काढून मतदानाला नेली. वॉल्टरनंतर कोण, तर मिसेस शिंगटे, असं सगळं गाव म्हणायचं. खुद्द वॉल्टर उन्हाळी सहलीत म्हणाले होते, “इंदू, तुझाही नंबर येणार आहे.” मी ते वाक्य रात्रंदिवस जपलं होतं.

घरी जाताना गाडीत माझं तोंड सुटलं.

“केलं काय हो तिनं? किन्सेलांच्या घरात जन्म घेतला, एवढंच ना? आणि त्यालाही कष्ट तिच्या आईनं घेतले!”

“अगं, हळू,” आमचे हे म्हणाले. हे म्हणजे प्रभाकर शिंगटे, जन्म सदाशिव पेठेतला, आवाज कधी चढायचा नाही. “तुला उभं राहायचंय का, सरळ सांग. मी उठतो आणि तुझं नाव सुचवतो. नियमात बसतंय.”

“नियमात! आणि पुढच्या जूनमध्ये आपल्या दोघांची नावं कमिटीतून उडवली, की बसा घरी.”

“बसू की.”

असल्या माणसाशी काय बोलणार? मी खिडकीबाहेर बघत बसले. नेमका तो पूल आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात दोडक्याच्या शिरा काढत होते. परसात लावलेल्या वेलाचे दोडके. मागच्या दारावर टकटक झाली. बघते तर मॉरीन.

“मिसेस एस., पाच मिनिटं बोलू?” लहानपणी माझं आडनाव तिच्या जिभेवर बसत नसे, म्हणून तिची मी मिसेस एस. झाले होते. मी तिला खुर्ची दिली, चहाचं आधण ठेवलं. ती बसली आणि समोरचा एक दोडका उचलून फिरवत राहिली.

“मला ती जागा नकोय,” ती म्हणाली.

मी शिरा काढत राहिले.

“ओरेगॉनला मी लाकडी होड्या बांधते. मी आणि नील. आमची स्वतःची शेड आहे, नदीकाठी. डॅडींचं ऑपरेशन म्हणून मी दोन आठवड्यांसाठी आले, तर त्यांनी मला न विचारता सगळ्यांना सांगून टाकलं.”

“मग त्यांना नाही म्हण.”

“घरी म्हटलं. तीनदा म्हटलं. ते हसतात. त्यांना वाटतं, मी घाबरलेय.” तिनं दोडका खाली ठेवला. “शनिवारी सगळ्या हॉलसमोर, माझं एकटीचं नाव असताना, त्यांच्या तोंडावर मला नाही म्हणता येणार नाही. त्यांची छाती आत्ताच शिवलीय. पण दुसरं नाव पुढं आलं तर मी उठून म्हणेन, की मी मिसेस एस.साठी बाजूला होते. ते मला जमेल. मी कमिटीत नाही, मला नाव सुचवता येत नाही. कुणीतरी तुमचं नाव घ्या, बस्स. तुम्हाला हवीय ना ती जागा?”

हवी होती. इतकी हवी होती, की शिरेबरोबर निम्मा दोडकाही मी तासून टाकला. आणि तरीही मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, बाई गं, हे नाटक मी पाहिलंय.

पाहिलंच होतं. आमच्या तालुक्यात काकासाहेब होते. सगळा तालुका त्यांच्या मुठीत. माझे वडील, तात्या, त्यांचे कार्यकर्ते. कार्यकर्ते म्हणजे काय, तर सभेच्या आधी सतरंज्या घालायच्या आणि सभा उठली की झटकून गुंडाळून ठेवायच्या. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. काकासाहेब थकले, तेव्हा भरसभेत त्यांचा मुलगा रणधीरबाबा माइकपुढं आला. म्हणाला, “मला राजकारणात रस नाही. तिकीट तात्यांना द्या. त्यांनी जन्मभर सतरंज्या उचलल्यात.” आता आमच्याकडची रीत अशी, की वारसानं नको-नको म्हणायचं, लोकांनी गलका करायचा, एखाद्यानं मंचावर चढून पाय धरायचे आणि मग वारसानं डोळे पुसत ‘जनतेचा आग्रह’ म्हणून हो म्हणायचं. साऱ्या तालुक्याला हे ठाऊक होतं. तात्यांनाच नव्हतं. ते भाबडे उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “पक्षानं संधी दिली तर मी तयार आहे.”

आधी मंचावरचे हसले, मग सगळं मैदान हसलं. तात्या हात जोडून तसेच उभे. मी नववीत होते, बायकांच्या बाजूला बसले होते. शेजारची बाई तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. महिन्याच्या आत तात्यांची खरेदी-विक्री संघातली कारकुनी गेली. तालुक्यात त्यांना ‘तयार तात्या’ म्हणायला लागले.

मी सुरी ठेवली आणि मॉरीनला चहा दिला.

“मी बघते हं, बाळ,” मी गोड आवाजात म्हटलं.

“तुमचा विश्वास नाही माझ्यावर?”

“आहे की. का नसेल?”

जाताना तिनं दारात माझा हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. किती छान जमतंय हिला, असं माझ्या मनात आलं. रक्तातच आहे, शिकावं लागत नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

आणि संध्याकाळी वॉल्टरचाच फोन. “इंदू, नोव्हेंबरात गावच्या कौन्सिलची एक जागा आहे. तुझं नाव माझ्या डोक्यात आहे. शनिवार तेवढा गोडीनं पार पडू दे.”

फोन ठेवला आणि मी ह्यांच्याकडे वळले. “बघितलंत? दुपारी पोरीनं चाचपून पाहिलं, संध्याकाळी बापानं गाजर दाखवलं. कोण उठतंय ते बघायचंय त्यांना. उठला की छाटला!”

“आणि पोर खरं बोलत असेल तर?”

“तुम्ही पेठेत वाढलात. तुम्हाला यातलं काय कळतंय?”

हे उठून ताटं घ्यायला लागले. दोडक्याची भाजी मात्र त्या दिवशी कुणालाच गेली नाही.

शनिवारी सकाळी खुर्च्या मांडायला म्हणून आम्ही लवकर गेलो. अग्निशामक दलाच्या त्या हॉलबाहेर एक जुना ट्रक उभा होता, ओरेगॉनची पाटी असलेला. मागं खोकी, लाकडं तासायची हत्यारं, गुंडाळलेली गादी, सगळं दोरखंडानं आवळलेलं. पुढं दाढीवाला पोरगा आणि त्याच्या मांडीवर डोकं टाकून एक भुरकं कुत्रं.

“बघा, बघा,” मी ह्यांना कोपरानं ढोसलं. “नको म्हणत होती ना? बिऱ्हाड घेऊन आलीय बयो. कुत्र्यासकट!”

ह्यांनी ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खुर्च्या काढायला आत गेले.

हॉल भरला. मॉरीन पहिल्या रांगेत, शेजारी वॉल्टर. आज तिनं बूट पुसले होते, पण कोट अंगातून काढला नव्हता. अध्यक्षांनी राजीनामा वाचला, आभार मानले, टाळ्या झाल्या. मग कुणीतरी उठून मॉरीनचं नाव सुचवलं.

“आणखी कुणाचं नाव?” अध्यक्षांनी विचारलं.

हॉल गप्प. कॉफीचं पिंप तेवढं गुरगुरत होतं. आणि मॉरीन खुर्चीत पूर्ण वळली. सगळ्या हॉलवरून तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. आजूबाजूचे चार-पाच लोकही मागं बघायला लागले. ज्यांच्या दाराचे उंबरे मी जन्मभर झिजवले होते, ते मिस्टर ओकॉनर भुवया उंचावून माझ्याकडेच बघत होते. आता वाटतं, त्यांनी मत दिलं असतं. आणखीही पुष्कळांनी दिलं असतं.

शेजारी हे उठायला लागले. ह्यांचा हात वर गेलेला मी पाहिला. मी ह्यांचं मनगट धरलं आणि खाली दाबलं.

वॉल्टरनी तेव्हाच मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तसाच, कालपरवासारखा. आणि मला एकदम कळलं, मी इतके दिवस कशानं जळत होते. जागेनं नव्हे. जागा काय, आज आहे उद्या नाही. त्या हातानं जळत होते. माझ्या तात्यांचा हात असा माझ्या खांद्यावर कधी आला नाही, कारण तो कायम दुसऱ्याची सतरंजी धरून असायचा. आणि त्या दिवशी मैदानात तर तो हात कितीतरी वेळ नुसता जोडलेला होता. मला ते हसू ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, त्या गप्प हॉलमध्ये.

मी उभी राहिले.

“मिसेस शिंगटे?” अध्यक्ष म्हणाले.

“मॉरीन किन्सेलांच्या नावाला माझं अनुमोदन,” मी म्हटलं. आवाज खणखणीत आला. वर एक वाक्यही जोडलं, “या घराण्यानं आपल्याला पुष्कळ दिलंय.”

टाळ्या पडल्या. मॉरीननं मात्र डोळे मिटून घेतले आणि पुन्हा पुढं वळली. वॉल्टर रुमालानं डोळे पुसत होते. मत वगैरे काही झालं नाही. दुसरं नावच नव्हतं, तर मत कशाला? अध्यक्षांनी तिला बोलायला बोलावलं. ती उठली, क्षणभर बापाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “थँक यू. मी प्रयत्न करीन.” एवढंच. लोकांना तो नम्रपणा फार आवडला.

हॉल रिकामा झाला. वॉल्टरला लोकांनी बाहेर नेलं. हे खुर्च्यांना हात न लावता गाडीत जाऊन बसले. मी खुर्च्यांना लागले. एक मिटायची, भिंतीला लावायची, दुसरी मिटायची. थोड्या वेळानं पलीकडच्या रांगेतूनही खटके ऐकू यायला लागले. मॉरीन खुर्च्या मिटत होती.

“राहू दे, तुझं काम नाही ते,” मी म्हटलं.

“तुम्हाला वाटलं, मी खोटं बोलतेय.”

“आमच्याकडे असंच बोलतात,” मी म्हटलं. “ज्याला हवं असतं, तो नको म्हणतो.”

“आमच्याकडे नको म्हणजे नको असतं, मिसेस एस.” तिनं खुर्ची भिंतीला टेकवली. “निदान माझ्याकडे तरी.”

मग ती दाराशी गेली. मीही तिच्या मागं गेले, का ते माहीत नाही. ट्रक सुरूच होता. ती खिडकीतून आत वाकून त्या पोराशी, म्हणजे नीलच तो, काहीतरी बोलली. त्यानं एकदा हॉलकडे पाहिलं, मान हलवली. मग तो खाली उतरला, मागचा दोर सोडला, एक लहानसं खोकं आणि एक पिशवी काढून तिच्या पायाशी ठेवली, आणि दोर पुन्हा आवळून बांधला. ते बिऱ्हाड आलेलं नव्हतं. बापाच्या घरातलं तिचं होतं नव्हतं ते भरून निघालेलं होतं. कुत्र्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ट्रक वळणावर जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिलं. ती खोकं उचलून बापाच्या गाडीकडे चालायला लागली.

कौन्सिलची जागा नोव्हेंबरात वॉल्टरच्या पुतण्याला गेली. मॉरीन आमदार झाली ती झालीच. दर दोन वर्षांनी निवडून येत राहिली, काम चांगलं करायची असं लोक म्हणायचे. होड्यांचं नाव तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मीही बरीच वर्षं खुर्च्या मिटत राहिले.

पण त्या शनिवारचं सांगते. घरी आल्या आल्या मी गावाला फोन लावला. तिथं झोपायची वेळ झाली होती, तरी तात्यांनीच उचलला. ऐंशीच्या घरात होते तेव्हा, पण कान तल्लख. मी त्यांना सगळं सांगितलं. पोर घरी आली ते, आणि मी कशी फसले नाही ते. थोडी फुशारकीही मारली असेल. सांगता सांगता ट्रकपाशी आले, आणि ते बिऱ्हाड परत निघालेलं होतं हेही सांगून टाकलं.

लाइनीवर खरखर येत होती.

“म्हणजे पोर खोटं बोलत नव्हती?”

“नाही तात्या. खरं बोलत होती.”

“मग उभी राहायचीस की गं.”

“आणि तुमच्यासारखं हसं झालं असतं तर?” मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्या सभेचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

“झालं असतं तर झालं असतं,” तात्या म्हणाले. रागानं नाही, सहज. “माझं झालंच की. पण मी उभा राहिलो तो माझ्यासाठी राहिलो, इंदे. सगळ्या जन्मात एकदाच राहिलो. तू ते हसणं तेवढं ध्यानात ठेवलंस होय?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि तूही उभी राहिलीसच की आज,” ते म्हणाले. “पण दुसऱ्याच्या लेकीसाठी.”

मग म्हणाले, “पैसे चालले असतील तुझे, ठेव आता,” आणि त्यांनीच आधी फोन ठेवला.